अंगात येतं ते काय असतं? घर नंबर १२४ पासून सातपुड्याच्या देवीपर्यंत

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलताना सुटलेले एकदोन तपशील इथे नीट केलेत, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.)

आजचा भाग एका घरातून सुरू होतो. घर नंबर १२४. गाव सिनसिनाटी, अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या काठचं. या घरात एका तान्ह्या मुलीचं भूत राहतं. ते भांडी आपटतं, आरसे फोडतं. कंटाळून घरातले दोन मुलगे पळून जातात. आई आणि धाकटी बहीण मात्र तिथेच राहतात, कारण ते भूत परकं नाहीये, घरातलंच आहे. आईनेच त्या मुलीचा जीव घेतलेला असतो.

ही टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' ही कादंबरी. १९८७ साली आली, १९८८ मध्ये तिला पुलित्झर मिळालं, आणि १९९३ मध्ये मॉरिसनबाईंना नोबेल. आता तुम्ही म्हणाल, हा तर हॉरर पिक्चर झाला, यात इतिहास कुठे आहे? तर ऐका.

जानेवारी १८५६. केंटकी राज्यातून मार्गारेट गार्नर नावाची एक गुलाम बाई नवरा आणि मुलांसकट पळाली. थंडीने ओहायो नदी गोठली होती, तिच्यावरून चालत ती पलीकडे गेली. पलीकडच्या राज्यात गुलामगिरीला बंदी होती. पण १८५० चा कायदा असा होता, की पळालेला गुलाम देशात कुठेही सापडला तरी मालकाला परत द्यायचा. माणसं पकडायला आली तेव्हा मार्गारेटने स्वतःच्या दोन वर्षांच्या मुलीला मारून टाकलं. आपली मुलगी पुन्हा त्या जगण्यात जाऊ नये म्हणून.

पुढे कोर्टात जो वाद झाला तो नीट लक्षात ठेवा. या बाईवर खुनाचा खटला चालवायचा का? चालवला तर ती माणूस ठरते आणि तिची मुलगीही माणूस ठरते. नाही चालवला तर ती मालमत्ता, आणि हरवलेली मालमत्ता मालकाला परत. कोर्टाने दुसरं ठरवलं. मार्गारेटला परत पाठवलं गेलं आणि दोनेक वर्षांत ती तापाने गेली.

मॉरिसन तेव्हा एका प्रकाशन संस्थेत संपादक होत्या. १९७४ च्या 'द ब्लॅक बुक' या संग्रहाचं काम करताना त्यांना ही जुनी बातमी सापडली. बातमीत काय घडलं ते होतं. पण त्या आईच्या मनात काय होतं, आणि त्या मुलीला काय म्हणायचं असतं, हे कुठल्याही कागदावर असणं शक्य नव्हतं. दोन वर्षांच्या पोरीचा जबाब कोण घेणार? मग मॉरिसन यांनी तिला भूत म्हणून परत आणलं. कादंबरीत ती मुलगी एक दिवस तरुण बाई होऊन पाण्यातून वर येते आणि आईसमोर बसून हिशेब मागते.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: जिथे कागद संपतो तिथे भूत सुरू होतं. जे दुःख कोर्टात, दप्तरात, वहीत लिहिलंच गेलं नाही, ते दुसऱ्या कुठल्या तरी रूपात उरतं. कधी भूत म्हणून, कधी देवी म्हणून, कधी 'वारं' म्हणून.

आफ्रिकन-अमेरिकन लेखकांनी हे पुन्हापुन्हा केलंय. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या १९७९ च्या 'किंड्रेड'मध्ये १९७६ सालातली एक काळी तरुणी अचानक शंभर-दीडशे वर्षं मागे, गुलामगिरीतल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. शेवटी घरी परत येते, पण एक हात गमावून. म्हणजे काय, तर भूतकाळात जाऊन कुणी धडधाकट परत येत नाही. मॉरिसन यांच्याच १९७७ च्या 'साँग ऑफ सोलोमन'मध्ये एक पूर्वज उडून आफ्रिकेला परत जातो. त्याच्यामागे एक जुनी लोककथा आहे. १८०३ मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्यावर जहाजातून आणलेले इग्बो लोक गुलामीत जाण्याऐवजी पाण्यात चालत गेले आणि बुडाले. लोकांनी पिढ्यानपिढ्या सांगितलं, की ते बुडाले नाहीत, उडून घरी गेले. आणि अगदी अलीकडे, २०१७ मध्ये जेस्मिन वॉर्ड यांच्या कादंबरीत मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगातल्या एका मेलेल्या पोराचं भूत गाडीत येऊन बसतं. त्याला फक्त एकच जाणून घ्यायचंय, आपण मेलो कसे.

बरं. आता तुम्ही जळगावच्या बसस्टँडवर किंवा धुळ्यात कुठे तरी कानात इअरफोन घालून हे ऐकत असाल, तर विचाराल, भाऊ, याचा आपल्याशी काय संबंध?

संबंध आहे. एक तर हा धागा जुना आहे. 'बिलव्हेड'ची गोष्ट घडते ते साल १८७३. त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' छापून आलं, आणि ते त्यांनी अर्पण केलं होतं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे मोठे विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहिलं. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. म्हणजे शंभर वर्षं आपली माणसं तिकडे बघत होती आणि म्हणत होती, हे आपल्यासारखंच आहे.

पण मला आज त्याहून जवळ जायचंय. आपल्या खानदेशात.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल त्यांना सहजासहजी वश होईनात. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी झाली, जेम्स आउट्रॅमने भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं आपल्या धरणगावला. १८५७ च्या उठावात खाज्या नाईक, भीमा नाईक लढले. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली आणि त्यात भिल्लांचं फार माणूस गेलं.

त्यानंतर जे आलं ते लढाईसारखं दिसत नव्हतं, पण जास्त खोल गेलं. १८७८ चा जंगल कायदा. काल जे रान आपलं होतं ते आज सरकारी राखीव. त्याच १८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा. तोवर माणूस मोहाची फुलं वेचायचा आणि सणावाराला, देवाला दाखवायला घरीच दारू काढायचा. आता घरची दारू गुन्हा झाली. प्यायची तर ठेकेदाराच्या दुकानातून, पैसे देऊन. पैसे नाहीत? मग उधारी. उधारी फिटत नाही? मग जमीन. असं करत करत जमिनी सावकारांकडे आणि दुकानदारांकडे गेल्या, आणि जमिनीचा मालक त्याच जमिनीवर सालदार झाला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. हा शब्द आपल्या गावांत आजही आहे, तुम्हाला माहीतच आहे.

आता या माणसांचं दुःख कागदावर कुठे आहे? पोलीस दप्तरात भिल्ल आहे, पण लुटारू म्हणून. जंगल खात्याच्या दप्तरात आहे, पण लाकूडचोर म्हणून. सावकाराच्या वहीत आहे, पण अंगठा म्हणून. त्याला काय वाटतं हे लिहिणारी वही कुणाकडेच नव्हती.

मग १९२२ मध्ये देवी आली. अहिराणीत म्हणतात तसं, देवी उनी.

ही गोष्ट डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांशी बोलून लिहिली, आणि १९८७ मध्ये, म्हणजे 'बिलव्हेड' आली त्याच वर्षी, ते पुस्तक निघालं. गोष्ट अशी. पालघरच्या किनाऱ्यावर मांगेला कोळ्यांमध्ये देवीच्या रोगाच्या शांतीसाठी एक विधी सुरू झाला. जुनी पद्धत अशी, की रोगाची देवी आपल्या गावात आली की तिची पूजा करायची आणि तिला मानाने गावच्या शिवेपलीकडे पोचवायचं. पुढच्या गावाने ती घ्यायची आणि त्याच्या पुढच्या गावाला द्यायची. अशी ती देवी हातोहात डोंगर चढली. सुरगाणा, डांग, नाशिकचा पश्चिम भाग, पश्चिम खानदेश, आणि दुसरीकडे दक्षिण गुजरात. तिचं नाव होतं सलाबाई.

पण वाटेत एक वेगळीच गोष्ट झाली. देवी बोलायला लागली. मांडवात शेकडो माणसं जमायची, काहींच्या अंगात यायचं, हातात लाल फडकं धरलेली ती माणसं घुमायला लागायची, आणि त्यांच्या तोंडून देवी हुकूम द्यायची. दारू सोडा. ताडी सोडा. मांस-मच्छी सोडा. रोज आंघोळ करा, घरदार स्वच्छ ठेवा. आणि दारूच्या दुकानदाराकडे, जमीनदाराकडे कामाला जाऊ नका. दक्षिण गुजरातेत हे दुकानदार बहुतेक पारशी होते, म्हणून तिथे देवी सरळ त्यांचं नाव घेऊन सांगायची. पुढे पुढे तर देवी गांधींचंही नाव घ्यायला लागली. लोक सांगायचे, कोळ्याच्या जाळ्यात गांधीबाबाचं नाव दिसतं, विहिरीत वाकून बघितलं तर गांधीबाबा चरखा चालवताना दिसतो.

त्या काळच्या अधिकाऱ्यांनी याला अडाण्यांचं वेड म्हटलं. आणि आजही आपल्यातले बरेच जण तेच म्हणतील. पण जरा थांबून त्या हुकमांची यादी पुन्हा बघा. त्यात एकही गोष्ट आभाळातली नाही. दारू, उधारी, वेठ, घाण, मानहानी. हा तर पन्नास वर्षांचा हिशेब आहे. जखमेची यादी आहे. एकट्या सालदाराने दुकानदाराला सांगितलं असतं, की मी उद्यापासून तुझ्याकडे येणार नाही, तर त्याची काय गत झाली असती? पण तो म्हणाला, मी नाही म्हणत, देवी म्हणते. आणि ती एकट्याला म्हणाली नाही, साऱ्या गावाला म्हणाली. मोडणाऱ्याला देवीचा कोप. म्हणजे एका रात्रीत सगळ्यांचा संप, आणि पुढारी कोण म्हणून पकडायला गेलं तर पुढारी देवी! तिला कुठल्या तुरुंगात घालणार?

आणि तो रोगाचा विधी आठवतोय? रोग शिवेबाहेर पोचवायचा. मला वाटतं लोकांनी तीच पद्धत पुढे नेली. त्यांनी ओळखलं की आपल्याला झालेला मोठा रोग अंगावर फोड येणारा नाहीये. तो दुकानात बसलाय, वहीत बसलाय. मग त्यालाही शिवेबाहेर काढा.

ही लाट फार दिवस टिकली नाही. बऱ्याच गावांत लोक पुन्हा दारूकडे वळले. पण मागणी विझली नाही. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराज उभे राहिले. नाव बघा, गुलाम. त्यांनीही तेच सांगितलं, दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मान द्या. त्यांच्याकडे एकमेकांना हाक मारायची ती 'आप' म्हणून. ज्या माणसाला बाजारात, कचेरीत, शेतावर जन्मभर 'अरे' आणि 'ए भिल्लड्या' असं ऐकायला मिळालं, त्याला कुणी तरी 'आप' म्हटलं. यात चमत्कार शोधायची गरज नाही, तो शब्दच चमत्कार होता. आरतीला माणसांचा पूर लोटायचा. १९३८ मध्ये ते गेले, मग भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं, आणि सरकारला या गर्दीची धास्ती वाटली. मोरवडला आजही त्यांची आठवण जिवंत आहे.

आणखी तीस-पस्तीस वर्षांनी शहादा. अंबरसिंग महाराज, भिल्ल समाजातले, भजनं म्हणणारे, सर्वोदयात काम केलेले. त्यांच्या भजनी मंडळांतून माणसं एकत्र यायला लागली. १९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर असंतोष पेटला, बाहेरून तरुण कार्यकर्ते आले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. जमिनी परत द्या, सालदारांना नीट मजुरी द्या. आणि त्याच काळात बाया गावोगाव जाऊन दारूचे माठ फोडायला लागल्या. मागणी तीच, पन्नास वर्षांपूर्वीची. फरक एवढाच, की आता कुणाच्या अंगात यायची गरज पडली नाही. संघटना होती, मोर्चा होता, निवेदनाचा कागद होता. बोलायला जागा मिळाली, तशी देवी शांत झाली.

हे वाक्य मी घाईत बोलून गेलो, पण माझ्या मते आजच्या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

मी लहान असताना आमच्या गल्लीत एका काकूंच्या अंगात यायचं. एरवी त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नाही. डोक्यावरचा पदर ढळायचा नाही. पण अंगात आलं की त्या सासऱ्याला 'ए' म्हणायच्या, आणि सासरा हात जोडून उभा राहायचा. आम्ही पोरं घाबरून बघायचो. त्या काय बोलायच्या हे आज आठवलं, तर त्यात देवाधर्माचं फारसं नसायचं. मला जेवायला का दिलं नाही. माझ्या पोराला दवाखान्यात का नेलं नाही. साऱ्या गल्लीसमोर हे विचारायची त्यांना वर्षातून दोन-तीनदाच परवानगी होती, आणि ती परवानगी देवीच्या नावावर होती.

आता साहित्याकडे येऊ. कारण प्रश्न असा पडतो, की अमेरिकेतल्या लेखकांनी या सगळ्यातून अशा कादंबऱ्या काढल्या, मग मराठीत काय झालं?

मराठीत अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' आहे, १९५९ ची. तिची सुरुवातच एका जोगिणीपासून होते. गावाची जोगीण म्हणजे जत्रेचा मान. दुसऱ्या गावाची जोगीण पळवून आणली तर तो मान आपल्या गावाला मिळतो. फकिराचा बाप राणोजी ती आणायला जातो, आणतो, आणि त्यात त्याचा जीव जातो. विचार करा, मांगवाड्यातला माणूस. एरवी गाव त्याला शिवेबाहेर ठेवतं. पण गावाच्या देवीसाठी मरायला तो चालतो. मान गावाचा, मुंडकं त्याचं. इथे दैवी गोष्ट आहे, पण अण्णा भाऊ आपल्याला तिच्यापुढे हात जोडायला लावत नाहीत. तिची किंमत कोणी मोजली ते दाखवतात.

दुसरं पुस्तक बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. फलटणच्या बेबीताई. नवऱ्यापासून लपवून त्यांनी हे लिहिलं आणि कितीतरी वर्षं दडवून ठेवलं. ते १९८६ मध्ये पुस्तकरूपात आलं. त्यात आषाढातला महारवाडा आहे, पोतराज आहे, बायांच्या अंगात येणाऱ्या देवी आहेत. वर्षभर उपाशी, राबून मोडलेल्या, मार खाल्लेल्या त्या बायांना त्या महिन्यात जरा मोकळा श्वास मिळतो, हे बेबीताईंना बरोबर दिसतं. त्या बायांवर त्या हसत नाहीत. पण त्या देवीवर विश्वासही ठेवत नाहीत. हे अज्ञान कुणी लादलं, असा संताप त्यांच्या लिहिण्यात आहे.

आणि इथेच अमेरिका आणि महाराष्ट्र यांच्यात मोठा फरक आहे. 'बिलव्हेड'मध्ये भूत खरंच आहे. लेखिका ते खोटं पाडत नाही. दलित मराठी साहित्यात मात्र लेखक त्या बाईच्या बाजूला उभा राहतो, पण तिच्या अंगातल्या देवीच्या बाजूला नाही. असं का?

मला जे उत्तर सुचतं ते सांगतो. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांकडून त्यांची भाषा, नावं, देव, सगळं हिसकावून घेतलं गेलं. त्यामुळे पूर्वजांचा आत्मा, उडणारा आजा, जडीबुटीवाली म्हातारी, हे सगळं लिहिणं म्हणजे चोरीला गेलेली वस्तू परत मिळवणं. आपल्याकडे दलितांच्या बाबतीत उलट झालं. देव हिसकावला नव्हता, देव गळ्यात बांधला होता. पोतराज स्वतःच्या पाठीवर आसूड मारून घेतो तो देवीच्या नावाने. पोर देवाला सोडली जाते ती देवाच्या नावाने. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ते देव सोडायला सांगितलं, तेव्हा लाखो लोकांना ती सुटका वाटली. ज्यांनी अशी साखळी तोडली, त्यांची मुलं परत तिला दागिना म्हणून कशी घालतील? म्हणून त्यांनी आपलं दुःख भुताच्या तोंडी घातलं नाही. 'मी' म्हणून, स्वतःच्या नावाने सांगितलं. मराठीत दलित आत्मकथनं एवढ्या ताकदीने आली त्याचं हे एक कारण असावं, असं मला वाटतं.

आदिवासींचं आणखी तिसरंच आहे. साक्री-पिंपळनेरकडे डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वारं येतं, ते कुणी वरून लादलेलं नाही, ते त्यांचं स्वतःचं आहे. त्यामुळे भिल्ल-कोकणा-मावची समाजातल्या लेखकापुढचा प्रश्न बेबीताईंच्या प्रश्नासारखा नाही. तो मॉरिसन यांच्या प्रश्नाच्या जवळ जातो.

पण इथे मला एक काळी बाजू सांगितलीच पाहिजे. नाहीतर हा सगळा भाग गोड गोड होईल.

सातपुड्यात 'डाकीण' हा शब्द आहे. गावात पोरं आजारी पडली, ढोरं मेली, की कुणी तरी विचारतं, हे कुणी केलं? भगताकडे जातात. भगत बोट दाखवतो. आणि ते बोट बहुतेक वेळा एकट्या बाईकडे जातं. विधवा, मूल नसलेली, किंवा नावावर जमिनीचा तुकडा असलेली. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीवही घेतात. इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत हे आहे आणि आपल्या काळातल्या वर्तमानपत्रांतही आहे. म्हणजे जी भाषा १९२२ मध्ये दुकानदाराला शिवेबाहेर काढत होती, तीच भाषा गावातल्या सगळ्यात दुबळ्या बाईलाही शिवेबाहेर काढते. दुःखाला तोंड फुटलं, की ते खऱ्या गुन्हेगाराचंच नाव घेईल याची खात्री नसते. समोर जो हाताला लागतो त्याचं नाव घेतं.

मॉरिसन यांनाही हे माहीत होतं. 'बिलव्हेड'मध्ये परत आलेली ती मुलगी आधी लाडकी असते, मग घरावर बसते. ती फुगत जाते आणि आई वाळत जाते. शेवटी कोण वाचवतं? शेजारपाजारच्या बाया. ज्यांनी अठरा वर्षं त्या घराकडे पाठ फिरवली होती, त्या दाराशी येऊन एकत्र गातात, तेव्हा ती जाते. मांत्रिक नाही लागत. शेजार लागतो.

म्हणून मी दोन्ही गोष्टी एकदम म्हणतो, आणि मला त्यात विरोध वाटत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य घातलं, तो हवाच होता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कुणाला डाकीण ठरवून छळणं हा आज गुन्हा आहे. आपल्या आसपास असं काही होत असेल तर पोलिसांकडे जायचं, गप्प बसायचं नाही. आणि घरात कुणाच्या अंगात येत असेल तर भगताकडे नेऊन मार द्यायचा नाही, डॉक्टरकडे न्यायचं. पण तेवढ्याने काम संपत नाही. त्या माणसाला काय सांगायचं होतं, हा प्रश्न उरतोच. देवी खोटी आहे म्हणून जेवायला न दिल्याची गोष्ट खोटी होत नाही.

आपल्या शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे. श्रमिक संघटनेत काम केलेले. १९८७ मध्ये त्यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह आला. त्यांची 'स्टेज' नावाची एक कविता खूप गाजली. तिचा विषय असा, की आमचं दुःख आम्हालाच समजावून सांगायला दुसरे लोक मंचावर चढतात आणि आम्ही खाली बसून ऐकतो. मीही आज इथे माईकसमोर बसून तेच करतोय, हे मला कळतंय. म्हणून या भागाचा उरलेला अर्धा तुमच्याकडे सोपवतो.

तुमच्या हातात फोन आहे. त्यात रेकॉर्डर आहे. घरात किंवा पाड्यावर एखादी आजी असेल, जिच्या अंगात यायचं किंवा अजून येतं, तिच्याजवळ बसा. देवी खरी की खोटी असा वाद घालू नका. फक्त दोन गोष्टी विचारा. पहिल्यांदा कोणत्या साली आलं? आणि त्या साली घरात काय झालं होतं? दुष्काळ होता का, जमीन गेली होती का, पोर गेलं होतं का? आजीच्या भाषेत, अहिराणी असो, भिलोरी असो, पावरी असो, तसंच्या तसं राहू द्या. तिची परवानगी असेल तरच कुणाला ऐकवा. आणि तिच्यासमोर बसलेलं असताना फोन सायलेंटवर टाका, मध्येच रील बघू नका. तिला आजवर कुणी पूर्ण ऐकलेलं नसण्याची शक्यता फार आहे.

पुढच्या भागात धरणगावच्या भिल्ल पलटणीबद्दल बोलू. एक माणूस आपल्याच लोकांविरुद्ध गणवेश का घालतो, हा प्रश्न घेऊन. तोवर काळजी घ्या. राम राम, जोहार, जय भीम.